कोंबड्यांनी टोचलेली मोटार

आमच्या जावयाची एक खोड मला लग्नापासून ठाऊक आहे. काम हातात घेतलं की गावभर सांगत फिरतो, आणि काम करताना मात्र कोणाला जवळ येऊ देत नाही. महिपत त्याचं नाव. काही दिवस मुंबईत एका गॅरेजात फडकं मारायला होता, तेव्हापासून मोटारीतलं सगळं त्यालाच कळतं.

त्या उन्हाळ्यात त्याच्या हाती आमची मोटार लागली. जुनी ऑस्टिन. माझा थोरला जाणू मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठने ती भंगारात टाकायच्या ऐवजी जाणूला दिली. जाणूने ती आमच्या गावापर्यंत, धसईपर्यंत हाकत आणली आणि पुढच्याच पावसाळ्यात तो तापाने गेला. मोटार खळ्याच्या कडेला जांभळीखाली उभी राहिली. पावसाने तिचा पत्रा खाल्ला. मी रोज तिच्या बाजूने गवताचा भारा घेऊन जायची, मला काही वाटायचं नाही. भाजीत मीठ आहे की नाही ते तेव्हा मला कळत नव्हतं, तिथे गंजाचं काय घेऊन बसता.

धाकटा कमळू एसटीत ड्रायव्हर. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिकला जायची जुन्या गाड्यांची शर्यत होणार, असं त्याने ऐकलं आणि भावाची गाडी उतरवायची म्हणून नाव देऊन आला. इंजिन त्याने स्वतः खोललं, स्वतः बसवलं. तळ आणि दारं गंजून चाळणी झाली होती. ते काम महिपतने मागून घेतलं. जावई आपणहून मागतो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

आता पोरांचं सांगते. मे महिन्याची सुट्टी. जाणूची राही सगळ्यांत मोठी, कमळूचा नथू तिच्याहून लहान, आणि शेजारचा धाकलू, जो जेवायला आमच्याकडेच असायचा. तिघं महिपतचं काम बघायला जांभळीवर चढून बसली. महिपतने खोडावर काठी आपटली.

"उतरा. रंग ओला हाय, धूळ बसंल."

"आतोबा, आमी वर हाओत, धूळ खाली हाय," नथू आपल्या आत्याच्या नवऱ्याला म्हणाला.

"तोंड चालवतोस? सांगू काय तुझ्या बापाला?"

पोरं उतरली, तर काठी घेऊन त्यांच्या मागे धावला. मोटार हिरवीगार झाली, पोपटासारखी. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि महिपत मिशीवर हात फिरवायचा.

रंग वाळला त्या सकाळी राही कोंबड्या हाकायला खळ्यावर गेली. बघते तर कोंबड्या मोटारीच्या दाराला चोची मारतायत.

"धाकलू, कोंबडी पत्रा खाते काय रे?"

"आमची चप्पल खाते. पत्रा नाय खात."

"मग हिला दारात काय गावलं?"

दाराच्या खालच्या कडेचा रंग उडाला होता. राहीने तिथे नख घातलं, तर भाताचं तूस हातात आलं. धाकलूने नाक लावलं.

"गो राही, हा वास आमच्या भिंतीचा हाय."

आमच्याकडे घराच्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या एकमेकींना बांधायच्या आणि त्यावर शेण, माती, तूस कालवून लिंपायचं. वाळलं की दगडासारखं टणक. नथू मोटारीखाली सरपटत गेला आणि आतून म्हणाला, "कारवी दिसते. आख्खा तळ कुडाचा हाय. वरनं रंग मारलाय."

धाकलू हसायला लागला. राही हसली नाही. "घाटात ब्रेक मारताना काका पाय कशावर रोवणार?"

मग धाकलूचंही हसू थांबलं.

तिघं कमळूकडे गेली. कमळू म्हणाला, "मी ठोकून बघितलाय तळ. टणक हाय. घरच्या जावयाच्या चहाड्या करता? जावा खेळायला."

मग माझ्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते. ऐकलं सगळं आणि निवडत राहिले. जावयाला जाब विचारायची आमच्यात रीत नाही, आणि मला उठावंसंही वाटलं नाही.

राही हलली नाही. "आजी, बाबा तापाने गेला. त्याला कोणी ढकललं नव्हतं. काकाला आपण ढकलतोय."

मी सूप खाली ठेवलं. "मग तुमी काय ठरवलंत?"

दुसऱ्या दिवशी मोटारीची पूजा होती. भाऊबंद जमले. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. कमळू आत बसणार तेवढ्यात राही मोठ्याने म्हणाली, "आजी, गाडी घडवणारा आधी बसतो ना?"

"बसतो. माझ्या सासऱ्यापास्नं बसतो," मी म्हणाले. माझ्या सासऱ्याकडे बैलगाडीसुद्धा नव्हती.

"छे, छे. मान कमळूचा," महिपत मागे सरला. पण माणसांनी त्याला धरून आत बसवलाच. बसला कसा म्हणाल, तर पाय गादीवर घेऊन, गुडघे हनुवटीला. शेकोटीला म्हातारा बसावा तसा.

"आतोबा, पाय खाली सोडा ना," नथू म्हणाला.

"असंच बरं हाय. गुडघा दुखतो."

"परवा तर काठी घेऊन आमच्या मागं धावलात."

माणसं हसली. कमळू हसत होता तो थांबला. त्याने महिपतच्या पायांकडे बघितलं.

"महिपतराव, जरा ब्रेक दाबून बघा."

महिपतने माझ्याकडे बघितलं. मी कुंकवाचा करंडा बंद केला. त्याने हळूच एक पाय ब्रेकवर टेकवला.

"असा नाय. टाच खाली रोवून. घाटात दाबतात तसा."

कारवी मोडल्याचा आवाज आला. महिपतचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि मोटारीखालच्या मातीवर उभा राहिला.

कमळूने भोकात हात घातला, मूठभर माती काढली, चुरगाळून बघितली.

"पत्रा का नाय मारला?"

"कापायला शहापूरला न्यावा लागतो. ऊन लय होतं." महिपत खाली बघत म्हणाला. "आन् रंगाच्या आत कोण बघतंय?"

कमळू पोरांकडे वळला. "ह्यांनी बघितलं. मी तुमाला चहाडखोर बोललो, चुकलं माझं. तुमची नजर माझ्याहून बरी. यंदाची शर्यत राहू दे. पुढच्या सालाला पत्रा तुमच्यासमोर मारू."

मला तेव्हाही रडू आलं नाही. करंडा खाली ठेवला. मग मोटारीजवळ गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयाला चारचौघांत बोलले.

"जावईबुवा, पाय काढा, धुवा आन् जेवून घ्या. मग आमच्या गोठ्याची भिंत पडलीय, ती लिंपा. कुड तुमी झकास घालता. पण माझ्या पोराच्या पायाखाली काय घालायचं, ते आजपास्नं ही तिघं ठरवतील."