शेवटच्या साखळीवरचे कपडे

उद्या खाणीचं न्हाणघर पाडायचं होतं, म्हणून ती दुपारीच नवऱ्याचे कपडे आणायला निघाली. लेक दारात टेम्पोत सामान चढवत होती. संध्याकाळी दोघी लेकीच्या गावी जाणार होत्या, कायमच्या.

बाजारात चिटपाखरू नव्हतं. ऊन असं पसरलं होतं, की आपण चालतोय की झोपेत आहोत, हेच तिला कळेना.

न्हाणघराची रीत सगळ्या गावाला पाठ होती. कामगाराने घरचे कपडे आकड्याला अडकवायचे, आपली साखळी ओढून छताशी न्यायचे आणि कामाचे काळे कपडे चढवून खाणीत उतरायचं. वर आला की अंघोळ करायची, घरचे कपडे घालायचे आणि काळे वर टांगायचे. नुसती मान वर केली तरी कळायचं, कोण खाली आहे आणि कोण घरी गेलं.

आधी साखळ्या होत्या चाळीस. बरकत आली तशा सहाशे झाल्या. तीन पाळ्या, दोन सिनेमागृहं, शिंप्याला तर जेवायची फुरसत नसे! मग कोळसा संपत आला आणि साखळ्या आठवड्याला दहा-वीस अशा रिकाम्या होत गेल्या. राहिला एक पांढरा सदरा. चोवीस वर्षांपूर्वी खाणीत पाणी घुसलं, तेव्हा ती पोटुशी होती. नवरा सापडला नाही. "वर आले की घालतील काय?" असं म्हणून तिने तो सदरा कुणाला काढू दिला नाही. लोक वेडी म्हणाले. तिने भीक घातली नाही.

साबण वाटणारा म्हातारा, गावाचा साबणकाका, न्हाणघराच्या दारात किल्ली घेऊन उभाच होता. त्याने कुलूप काढलं.

"मन घट्ट करा, वहिनी."

आतल्या अंधारात वरचं काही दिसत नव्हतं. तिने साखळी सोडली. हाताला ओझं लागलं. खाली आले ते काळे कपडे. कोळशाचा, घामाचा वास... आणि हात लावला तर उबदार. नळ कधीचे कोरडे पडलेले, पण फरशी ओली होती.

"काका... कुणी आलं होतं?"

"कुलूप तर आत्ता तुमच्यासमोर काढलं..." त्याचा आवाज खोल गेला.

खरं तर भ्यायला हवं होतं. तिला मात्र आनंद झाला, अगदी वेडा आनंद. काळे कपडे वर, म्हणजे माणूस घरी गेला! ते कपडे उराशी धरून ती धावत सुटली.

लेक टेम्पोची फळी लावत होती. "आई, धापा कशाला टाकतेस?"

"कुणी... आलं होतं का गं?"

"हो, एक जण. केस ओले होते. दारातून आत बघत राहिला. असेल माझ्याच वयाचा, पण मला 'बाळ' म्हणाला."

"कुठे आहे?"

"गेला, खाणीकडे." लेक गोंधळून आईकडे बघू लागली. "मला काय माहीत, आई... मी सांगितलं, इथे आता कुणी राहत नाही."