स्वयंपाकघरातला हुंकार

पैज लावतो. यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही.

माझ्या बायकोचा तर बसलेलाच नाही. पण तिचा माझ्या कुठल्याच बोलण्यावर बसत नाही, तेव्हा ती साक्ष बाद धरा.

घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरात घडलेली, दाजींच्या बाबतीत. शेवटी शेवटी तर मी स्वतः तिथे हजर होतो.

आणि रात्रीची नाही बरं का. मला काय, रात्र लावता आली असती. भुताला रात्र शोभून दिसते. पण झालं ते रविवारी, भर दुपारी, जेवणं उरकून सगळी गल्ली पेंगत असताना. त्याला माझा इलाज नाही.

दाजी भयकथा लिहायचे.

विमा कार्यालयात नोकरी करता करता लिहिल्या, निवृत्त झाल्यावर लिहिल्या. विहीर झाली, आरसा झाला, माळा झाला. बंद खोली तर इतक्यांदा उघडली की तिच्या बिजागऱ्या झिजल्या असतील. वाचकांची झोप उडायची आणि दाजी मात्र जांभया देत लिहायचे.

"भुतांचं बरं असतं रे," मला म्हणायचे. "मेली की सुटली. त्यांच्यावर लिहिणाऱ्याला सुटका नाही."

लिहायची त्यांची एक रीत होती. ती आधी सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

बाहेरच्या खोलीत टेबल. मधे बोळ. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. दाजी एक वाक्य लिहायचे आणि मोठ्याने वाचायचे. आतून ताईचा हुंकार यायचा.

"हूं."

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण द्यायचो ना, तसाच. हुंकार आला की वाक्य पास. नाही आला, की लाल पेन्सिल. विचारायचं नाही, वाद नाही, काट मारून पुढे.

"मी नुसता हात आहे," दाजी चारचौघांत सांगायचे. "कान हिचे."

ताई यावर नुसती हसायची. मला तो विनय वाटायचा.

तर तो रविवार.

संपादकांचा फोन येऊन गेला होता. वार्षिक अंक छापायला जायचा होता. दाजींच्या गोष्टीचं फक्त शेवटचं वाक्य उरलं होतं. गोष्ट होती जिन्यावर बसणाऱ्या बाईची. घरात येईल त्याच्याकडे बघते, बोलत काहीच नाही.

दाजींनी शेवट लिहिला आणि वाचला.

"आणि जिन्यावरची बाई कायमची निघून गेली."

आतून काही नाही.

पुन्हा वाचलं. जरा मोठ्याने.

काही नाही.

लाल पेन्सिल. खाली दुसरं वाक्य.

"आणि जिन्यावरची बाई तिथेच बसून राहिली."

आणि बोळाच्या टोकाकडून...

"हूं."

एरवी दाजींनी कागद घडी करून पाकिटात घातला असता. पण त्या दिवशी त्यांना राग आला. थकलेल्या माणसाचा राग, पाय ओढत येणारा. दर वेळी हेच. दर गोष्टीत ते भुताला शेवटी वाटेला लावायचे आणि दर वेळी तिथेच हुंकार अडायचा. समीक्षक म्हणायचे, शेवट अधांतरी सोडण्याची काय हातोटी! कसली हातोटी. बायको 'हूं' म्हणत नाही म्हणून खोडावं लागायचं.

ते कागद घेऊन उठले. बोळातूनच सुरू झाले.

"अगं, जाऊ दे की त्या बाईला एकदाची! तिलाही घर असेल, दार असेल. काय वाईट होतं त्या वाक्यात?"

ताई ओट्याशी पाठमोरी उभी. कांदा चिरत होती.

वळली नाही.

"मी काय म्हणतोय?"

सुरीची टकटक चालूच.

दाजी अगदी मागे जाऊन उभे राहिले आणि खांद्यावर हात ठेवला. ताई किंचाळली. सुरी खाली पडली.

"जीव घेता का माझा! बोलावं तरी माणसाने!"

"बोलतोच आहे की मघापासून. ते शेवटचं वाक्य. निघून गेली, त्याला हूं का नाही दिलंस?"

"कशाला हूं?"

"वाक्याला."

"कुठल्या वाक्याला?"

दाजी वैतागले. "अगं, नेहमीसारखं वाचलं ना मी बाहेरून. तू नेहमीसारखं..."

ताई त्यांच्या ओठांकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. एका घरात इतकी वर्षं राहून ते दाजींच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला त्या खोलीतलं ऐकू येत नाही."

"आज?"

"आज काय आज! तुमच्या पहिल्या गोष्टीचा तो विहिरीवाला अंक निघाला ना, तेव्हापासून. समोर उभं राहून बोललात तर कळतं. ओठांवरून."

त्या अंकाची पानं आता पिवळी पडली होती.

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, थांब, ओळ संपू दे."

ओळ संपता संपता बायकोचे कान गेले होते आणि दाजींना पत्ता नाही. का असावा? हुंकार तर रोज वेळच्या वेळी मिळत होता.

मग...

मग हूं कोण म्हणत होतं?

त्यांच्या हातात कागद होता. नजर ताईच्या चेहऱ्यावर ठेवून त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं.

"आणि जिन्यावरची बाई... तिथेच बसून राहिली."

ताईचे ओठ घट्ट मिटलेले.

आणि तिच्या पाठीमागून, फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या, झाडूही नीट उभा राहत नाही अशा फटीतून...

"हूं."

समाधानाने. पोटभर जेवलेल्या माणसासारखं.

"काय झालं?" ताई म्हणाली. "तोंड का असं पांढरं पडलं?"

दाजींनी सांगायला नको होतं. पण भयकथा लिहिणाऱ्याच्या पोटात भूत राहत नाही. त्यांनी तिथल्या तिथे सगळं ओकून टाकलं.

ताई हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. तिचा हात आपोआप मानेवर गेला.

"तरीच," ती म्हणाली. "भांडी घासताना इथे वारा लागायचा. थोडा थोडा, थांबून थांबून. मला वाटायचं, खिडकी लागत नाही."

खिडकी समोर होती. मान मागे.

संध्याकाळपर्यंत तिची बॅग भरून झाली. मी पोचलो तेव्हा दोघांची जुंपली होती.

"अगं, इतक्या वर्षांत काही केलंय का तिने?" दाजी गयावया करत होते. "नुसती ऐकते!"

"तेच तर! माझ्या जागेवर उभं राहून, माझ्या नावावर ऐकते. आणि तुम्हाला फरक कळला नाही!" ताईने बॅगची चेन ओढली. "मी लेकीकडे जाते. ती गेली की बोलवा. ती राहणार असेल तर बोलवू नका."

मी मधे तोंड घातलं. "ताई, निदान कामाला तरी लाव तिला. ऐकतेच आहे तर चार भांडी विसळेल."

"तुझ्या थापा तुझ्या घरी, मेल्या. गाडी आण."

मी गाडी आणली.

दाजी एकटे पडले. तुम्हाला वाटेल, घाबरले असतील. घाबरले होतेच, पण त्याहून जास्त दमले होते. स्वतः चहा करायला आत जायचं म्हणजे ती फट पाठीशी घ्यायची. म्हणून ते ओट्याला टेकून, तोंड फटीकडे करून चहा प्यायचे. उभ्या उभ्या. इतक्या वर्षांच्या वाचकासमोर.

एकच विचार डोकं कुरतडायचा. माझ्या गोष्टी मी कुणाच्या आवडीने लिहिल्या? एकही भूत घराबाहेर पडलं नाही, ते कुणाला नको होतं म्हणून?

शेवटी त्यांनी संपादकांना फोन केला.

"शेवट बदलतोय. बाई निघून जाते."

"लेखकराव, बरं आहे ना? गेलेलं भूत विकत कोण घेणार? आमचा वाचक भूत घरी न्यायला पैसे देतो."

"मग माझं नाव गाळा."

"अहो, रागावता काय..."

दाजींनी फोन ठेवला आणि गोष्ट पहिल्यापासून लिहायला घेतली. या वेळी मासिकासाठी नाही, ताई परत यावी म्हणून. त्या बाईची समजूत काढल्यासारखं लिहिलं. बाई, पुरे झालं, किती दिवस जिन्यावर बसशील, बाहेर ऊन आहे, जा. असं सगळं. लिहून झालं तशी स्वयंपाकघराकडे तोंड करून सगळी गोष्ट मोठ्याने वाचली.

पहिल्या वाक्याला... काही नाही.

मधे कुठे... काही नाही.

"आणि जिन्यावरची बाई कायमची निघून गेली."

काही नाही.

त्यांनी पेपर वाचून पाहिला. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचून पाहिला. मुद्दाम जुन्या गोष्टी वाचल्या, ज्यांवर एके काळी हुंकारांचा पाऊस पडला होता.

स्वयंपाकघर गप्प.

दुसऱ्या दिवशी गप्प. पुढच्या आठवड्यात गप्प. इतकी वर्षं गळणाऱ्या नळाचं टपकणंही बंद झालं होतं. नळ मात्र कुणीच दुरुस्त केला नव्हता.

मला दाजींनी फोनवर सांगितलं, "गेली रे." आवाजात आनंद होता का? होता. पण कुणाला सोडून स्टेशनवरून एकट्याने परत येताना असतो तसा. "आता लिहिलेलं चांगलं की वाईट, तेही कळत नाही."

ती गेली होती की मुकाट ऐकून घेत होती, हे तेव्हा मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पुढचं सांगताना आजही माझी जीभ जड होते, आणि माझी जीभ सहसा जड होत नाही हे मला ओळखणारे सांगतील.

ताईला मीच आणली. लेकीने तिला कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. वाण्याच्या शेंगदाण्याएवढं. गाडीत सारखी बोट लावून बघत होती आणि हसत होती.

"तुझ्या इंजिनाचा आवाज एवढा वाईट आहे?"

"नवीन गाडी आहे, ताई."

"थापाड्या."

घरात शिरल्याबरोबर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं बोळातच थांबलो. तिने नळ उघडून बंद केला, फ्रिजमागे वाकून पाहिलं, झाडू काढून पुन्हा ठेवला आणि बाहेर आली.

"जाळी झालीत नुसती," म्हणाली. "उद्या काढते."

उद्या! दाजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. उद्या म्हणजे राहणार.

आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. ऊन टेबलावरून खाली उतरत होतं. ताईने खुर्ची ओढून दाजींच्या अगदी समोर घेतली आणि पदर सावरून बसली, शाळेतल्या मुलीसारखी.

"वाचा."

"काय?"

"तीच गोष्ट. इतकी वर्षं दुसरीलाच वाचून दाखवलीत. आता मला वाचा."

दाजींनी कागद काढले. पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. सवयीने त्यांचा कान बोळाकडे गेला.

"इकडे," ताई म्हणाली. "हूं."

खरा हुंकार असा होता तर. किनरा, जरा नाकातला, आणि नको तिथे येणारा. वाक्य संपायच्या आधीच द्यायची. मधेच विचारायची, "मग तिचा नवरा कुठे होता?" एकदा तर घाबरून माझा दंड धरला. "अहो, असलं भयंकर लिहिता तुम्ही? आणि मी तिकडे कांदे चिरत होते?"

दाजी हसले. किती दिवसांनी ते मी पाहिलं. वाचता वाचता त्यांचे खांदे सैल झाले. मलाही वाटलं, चला, सुटले दोघं.

शेवटचा कागद आला. ताई पुढे झुकली.

दाजींनी चष्मा सारखा केला आणि तिच्याकडे बघत, पाठ असल्यासारखं, सावकाश म्हटलं,

"आणि जिन्यावरची बाई कायमची निघून गेली."

ताईने हुंकार द्यायला तोंड उघडलं...

आणि तसंच राहिलं. तिचं बोट कानातल्या यंत्रावर गेलं. मान हळूहळू बोळाकडे वळली.

मीही ऐकलं. दाजींनीही ऐकलं. स्वयंपाकघरातून, स्पष्ट, थकलेल्या बाईच्या आवाजात...

"खोटं."