चांगुणाचा जबडा

गहिनीनाथ आमच्या काष्टीचाच. थापा मारणारा माणूस नव्हता, आणि ही गोष्ट तर त्यानं फार कुणाला सांगितलीही नाही.

डिसेंबर एकाहत्तर. लढाई चालू होती. नगर लष्कराचं गाव, म्हणून दिवस मावळला की ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर दिवा नाही. गहिनीनाथ तिथल्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तेरा तारखेला, सोमवारी दुपारी ऑपरेशन आटोपलं आणि मोठ्या डॉक्टरांनी फडक्यानं झाकलेला एक ट्रे त्याच्या हाती दिला. मागच्या आवारात खोल खड्डा घे, पुरून टाक, वर चुना घाल, म्हणाले. पुण्याला तपासायला धाडायचे तुकडे त्यांनी आधीच बाटलीत काढून ठेवले होते.

ट्रेमध्ये चांगुणाचा डावा जबडा होता.

चांगुणा पारनेरकडची, चाळिशीतली बाई. मिशरी लावून तासन् तास तोंडात धरायची सवय. वर्षापूर्वी खालच्या हिरडीला फोड आला, फुटला, तो भरलाच नाही. कुणी दात उपटला, कुणी गळ्यावर लेप थापला. मग दात हलायला लागले, पू यायला लागला, जबड्याखाली मानेत सुपारीएवढी टणक गाठ आली. तोंडाला असा वास सुटला की घरच्यांनी तिची बाज शेरडांच्या गोठ्यात नेऊन टाकली. शेवटी थोरली बहीण मनकर्णा तिला नगरला घेऊन आली. डॉक्टरांनी तोंडात बोट घालून हिरडी चाचपली, मानेतली गाठ दाबून पाहिली, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. अर्धा जबडा आणि मानेतल्या गाठी काढायच्या, जखम भरली की पुण्याला जाऊन किरणांचे शेक घ्यायचे, दुसरा उपाय नाही, असं त्यांनी मनकर्णाला समजावून सांगितलं होतं.

गहिनीनाथनं दवाखान्यात नाना तऱ्हेची घाण उपसली होती. पण हा वास वेगळाच. चालता चालता फडकं सरकलं. मिशरीनं काळे पडलेले दात, त्यांच्या मुळाशी फुलकोबीसारखं पांढुरकं, बुळबुळीत मांस. ट्रे कलला आणि त्यातलं पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं. तो तिथंच ओकला. खोल खणायचं त्राण राहिलं नाही. वीतभर माती उकरली, ट्रे उलटा केला, पायानंच माती लोटली. चुना घालायलाही थांबला नाही.

त्या रात्री भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की तोच वास. साबणानं घासून घासून मनगट सोललं, तरी जाईना.

मंगळवारी अंधार पडला तशी चांगुणा तळमळायला लागली. तोंड पट्ट्यांनी बांधलेलं, नाकातून नळी, बोलायची सोय नाही. डाव्या गालापाशी, जिथं आता काहीच नव्हतं तिथं, नुसती बोटं नाचवायची. मनकर्णानं गहिनीनाथला बोलावलं.

“ती खुणेनं सांगतीया, मुंग्या लागल्यात.”

“कुठं?”

“जबड्याला.”

नर्सबाईंनी समजूत घातली. अवयव गेला तरी शिरांना त्याची आठवण राहते, सुई देते, झोप लागेल, म्हणाल्या. मनकर्णाला ते पटलं. गहिनीनाथला पटलं नाही. किती खोल पुरलंय ते त्यालाच ठाऊक होतं.

बारा वाजून गेल्यावर तो फावडं घेऊन मागं गेला. अमावस्या तीन दिवसांवर. चंद्र नाही, आणि दिवा लावायची बंदी. कुंपणाच्या बाभळी तेवढ्या अंदाजानं कळत होत्या.

खड्ड्यापाशी कुणीतरी बसलं होतं.

बाई. उकिडवी. पाठमोरी. पदर तोंडावरून घेतलेला. दोन्ही हातांनी माती चाळत होती.

त्याला वाटलं, मनकर्णाच आली असणार. आपली चोरी उघडी पडली.

“मनकर्णाबाई, उठा. मी करतो नीट.”

माती चाळायचा आवाज तेवढा थांबला...

तो जवळ गेला. पायांना मुंग्या डसल्या. वाकून चाचपडलं, तर बोटं त्या बुळबुळीत मांसातच रुतली. वास भपकन् नाकात शिरला. त्यानं ते उचललं. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या.

बाईनं मागं न बघता हात पुढं केला. तळवा उघडा.

का दिलं, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. पण दिलं.

तळवा गार होता. ओला.

हात पदराआड गेला.

काही क्षण नुसता चिकट, चपचप आवाज...

मग कट् असं वाजलं. दाराची कडी बसावी तसं.

“बसलं,” ती म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. मनकर्णाचा नव्हता.

गहिनीनाथ पळाला. फावडं तिथंच राहिलं.

वॉर्डात मनकर्णा बहिणीचा हात धरून बसली होती. मघापासून उठलीच नव्हती. तिनं वर पाहिलं.

“आत्ताच निवांत पडली बगा.”

चांगुणाची छाती हलत नव्हती.

डॉक्टरांना उठवून आणलं. निळा कागद लावलेली बॅटरी नर्सबाईंनी धरली. जीव गेला होता. गाल एवढा कशानं सुजला म्हणून डॉक्टरांनी पट्टी सोडली.

सूज नव्हती. आत खचलेला डावा गाल भरून आला होता. दोन्ही बाजू सारख्या. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग खालचा ओठ हलकेच खाली ओढला.

काळ्या दातांची अख्खी रांग... फटींमध्ये ओली माती.

डॉक्टरांनी बॅटरी आपल्या हातात घेतली. हनुवटीपासून खाली मानेपर्यंत, सोमवारी स्वतः घातलेले टाके एकेक करून पाहिले.

एकही सुटलेला नव्हता.