दोन अँपिअर

"फ्रिज कुणी लावला?"

वाएलच्या त्या प्रश्नानं घर थिजलं! गल्लीतल्या जनरेटरच्या पेटीतला पडलेला खटका उचलून, चार जिने चढून तो धापा टाकत आला होता... आणि तेवढ्या तीन मिनिटांत, प्राणवायूचं यंत्र बंद पडल्यामुळे बाबांचे ओठ जांभळे पडले होते.

"मी," रिहाब म्हणाली.

"गार पाणी हवं होतं? ताई, जनरेटरचे दोनच अँपिअर मिळतात आपल्याला! दीड तर यंत्रच खातं. फ्रिज सुरू होताना क्षणभर चौपट ओढतो, हे शाळेत वीज शिकवणाऱ्या बाईला मी सांगू?"

रिहाब काय सांगणार होती? की आई गेल्यापासून दोन वर्षं, फ्रिजमध्ये वांग्याच्या लोणच्याच्या बरणीमागे तिनं आपल्या इन्सुलिनच्या बाटल्या लपवल्या होत्या? सरकारी वीज दिवसाला तासभर यायची तोवर निभलं. या आठवड्यात तीही आली नव्हती. बाबांचा जीव, आणि त्या जिवापुढे आपलं एक दुखणं... तिनं मुकाट्यानं फ्रिजची वायर काढली, आणि उरलेली एकच बाटली गच्चीच्या सावलीत, एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांमधल्या ओल्या वाळूच्या गारव्यात ठेवली. पण वाळू ओली ठेवायला पाणी हवं, आणि अलेप्पोच्या त्या ऑगस्टात नळाचा पंपही विजेचीच वाट पाहत होता!

आठव्या दुपारी पीठ मळता मळता ती कोसळली. पाणी शोधत गच्चीत धावलेल्या वाएलला कोरडी वाळू दिसली, आणि इन्सुलिनची बाटली... पाण्यासारखं नितळ असायला हवं ते औषध दुधी झालं होतं.

"ताई, मला का नाही सांगितलंस गं?" ती शुद्धीवर येताच त्यानं विचारलं.

"सांगून काय झालं असतं? बाबांची नळी काढली असतीस?"

तिचा हात कपाळाला लावून तो लहान मुलासारखा रडला. "गार पाणी म्हणालो मी तुला... जीभ का झडली नाही माझी!"

"वेडा आहेस. मी मोठी आहे ना तुझ्याहून?"

तेवढ्यात पलंगावर खुडबुड झाली. बाबांनी नाकातली नळी ओढून काढली होती.

"यंत्र बंद कर, वाएल... फ्रिज लाव. मी पुष्कळ जगलो."

रिहाब भिंतीला धरत, अक्षरशः सरपटत पलंगापाशी गेली आणि तिनं नळी परत बसवली. "बाबा, नासलेलं औषध गार करून पुन्हा चांगलं होत नाही हो."

"मी नवी बाटली आणतो! आत्ता!" वाएल उठला.

"आणशील रे... ठेवशील कुठे?"

तो दारात थबकला. मग जिना उतरत सुटला.

बाबांनी या वेळी नळी काढली नाही. लेकीचा हात छातीशी घट्ट धरून, डोळे मिटून ते श्वास घेत राहिले... प्रत्येक श्वास चोरीचा असावा तसे!