पाणकळा बँकेची ठराववही

"चोर मला माहीत हाय," खुर्चीत बसायच्या आधीच अर्जुनराव म्हणाले. "मला वही पाहिजे. सोमवारच्या आत. आन त्या बाईच्या हातात बेड्या."

मंजुषा खाडेनं समोर पाण्याचा ग्लास सरकवला. बीडच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. कोपऱ्यात तिचे मामा रामप्रसाद, निवृत्त हवालदार, पेपर वाचत बसले होते.

अर्जुनराव काळीमाय सहकारी बँकेचे अध्यक्ष. दहा वर्षांत त्यांनी तीन लहान बँका आपल्या बँकेत मिळवल्या आणि चार शाखांच्या एकवीस केल्या. तिसरी बँक वडवणीची, पाणकळा. तिच्यावर नवी पाटी चढून दोन महिने झाले होते. आता तिथूनच पाणकळाची जुनी ठराववही गेली होती. विलीनीकरणाचा ठराव आणि त्याखाली सभासदांचे सह्या-अंगठे त्याच वहीत होते.

"सोमवारी काय आहे?"

"उपनिबंधकांकडं सुनावणी. आमचा रोखपाल परमेश्वर. जुन्या बँकेतनं आलेला. त्यानं अर्ज केलाय. म्हणं सभासद ऊसतोडीला गेलते, सभा झालीच न्हाई, अंगठे खोटे. वही दाखवली की विषय खल्लास. न्हाई दाखवली तर मीच गायब केली म्हणतील."

"आणि तुमचा चोर कोण?"

"सारजाबाई. झाडूवाली. परमेश्वरानंच फितवली आसंल." त्यांनी कागद टेबलावर टाकले. "दप्तराच्या खोलीला अंगठ्याचं मशीन हाय. तीनच माणसांना दार उघडतं. मॅनेजर, रोखपाल आन झाडायला जाती म्हणून ही. बाजाराच्या दिवशी दुपारी एक चाळीसला हिच्याच नावानं उघडलं. नंतर वही न्हाई."

मंजुषानं दोन महिन्यांच्या नोंदी वाचल्या. रोज सकाळी नऊ-दहाला सारजाबाई. पहिल्याच खेपेला दार उघडलेलं. एक दिवस चुकलेला नाही. परमेश्वरचं नाव फक्त दुपारच्या नोंदींत.

"सरळ केस हाय," मामा म्हणाले.

"म्हणूनच जाऊन बघू," मंजुषा म्हणाली.

सारजाबाई शाखेच्या मागच्या ओट्यावर बसली होती. वय पंचावन्न. बावीस हंगाम तिनं ऊस तोडला होता. कोयत्यानं आणि पाचटानं बोटं घासून शेवाळलेल्या दगडासारखी गुळगुळीत झाली होती.

"भर बाजारात अध्यक्षानं मला चोरटी म्हणलं, ताई. मेथीची जुडी हातात तशीच राहिली. सोमवारी पोलिसात देणार म्हणतो. नोकरी गेली तर परत फडात जायचं का मी? ह्या गुडघ्यानं?"

"दुपारी एक चाळीसला कुठं होतात?"

"हितंच. ग्लास घासत. एकलीच होते. मला कोण साक्ष देणार?"

"मशीनला अंगठा दिला होता तुम्ही?"

"दिलता की. पाटी बदलली त्या दिवशी. दहा बारा येळा लावला. मग झालं म्हणले, जा."

"सकाळी दार कोण उघडतं?"

"परमेश्वरदादा. माझ्या हातात बादली आन फडकं आसतं. दादा म्हणत्यात, राहू द्या मावशी, मी उघडतो. लई मायाळू माणूस."

"घरी रेशन कोण आणतं?"

रामप्रसादमामांनी कपाळाला आठ्या घातल्या. हा काय प्रश्न झाला?

"नात आणती, संस्कृती. मला तर दुकानदार उभाच करीत न्हाई. लाईन खोळंबती म्हणतो."

"विलीनीकरणाच्या सभेला गेला होतात?"

"आमचा समदा तांडाच गेलता. दसऱ्याच्या आधी. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या हुत्या, म्हणून लवकर ठेवलती सभा. मीबी अंगठा उठवला. मोठी बँक आली तर बरं, आसं वाटलं आमाला."

मॅनेजर सत्यम तिशीतला, लातूरचा. तो घाम पुसत होता.

"पाटी बदलली त्या दिवशी हजेरीसाठी अकरा जणांचे अंगठे घ्यायचे होते, मॅडम; दप्तराचं दार त्यातल्या तिघांनाच. पाचच्या आत. मुख्य शाखेतून सारखे फोन. मी कॉम्प्युटरवर होतो. मशीन पलीकडच्या टेबलावर. परमेश्वर एकेकाला आणून अंगठा लावून घेत होते. त्यांचीच माणसं ना."

"कुणाचा अडला?"

"एकाचा अडला होता बहुतेक. मी फोनवर होतो. मग घेतला मशीननं."

"एकच अंगठा दोन नावांवर चालतो?"

"नाही. मशीन नाकारतं."

परमेश्वर शेवटी भेटला. शर्ट इस्त्रीचा, आवाज हळू.

"माझ्या वडलांनी, भगवानरावांनी ही बँक काढली," तो म्हणाला. "सायकलवर फिरून सभासद केले. पाटी बदलली त्या दिवशी ह्या अर्जुनरावानं त्यांचा फोटो उतरवून मोरीजवळ ठेवला. उलटा. मी मॅनेजर होणार होतो. रोखपाल राहिलो."

"म्हणून अर्ज केला?"

"अंगठे खोटे हायेत म्हणून केला. सभेच्या वेळी माणसं कारखान्यावर होती. वही गायब कुणी केली, ते शेंबडं पोरगं पण सांगंल."

"सकाळी सारजाबाईंना दार कोण उघडतं?"

"त्याच उघडतात. त्यांचा अंगठा आहे ना."

मंजुषा उठली. "मामा, अर्जुनरावांना बोलवा."

तीन वाजता सगळे दप्तराच्या खोलीपुढं उभे राहिले. मंजुषानं आधी सारजाबाईंना पुढं केलं. त्यांनी उजवा अंगठा लावला, मग डावा, मग आठही बोटं. मशीन प्रत्येक वेळी लाल झालं.

"मशीन बिघडलंय," मामा पुटपुटले.

"सत्यम, तुम्ही लावा." मशीन हिरवं झालं. नाव आलं, सत्यम.

"परमेश्वर, तुम्ही. दहाही बोटं."

परमेश्वर हलला नाही. अर्जुनरावांनी त्याचं मनगट धरलं आणि हात मशीनवर दाबला. उजव्या अंगठ्याला नाव आलं, परमेश्वर. डाव्या अंगठ्याला मशीन पुन्हा हिरवं झालं. सारजाबाई.



"उसाच्या फडात माणसाच्या बोटावरच्या रेषा झिजतात," मंजुषा म्हणाली. "रेशनच्या मशीनवर अडतं म्हणून ह्यांना दुकानदार हाकलतो, नातीला पाठवावं लागतं. मग इथं त्यांचा अंगठा दोन महिने एकदाही कसा अडला नाही? मामा, आपल्याकडं मशीन अडलं की माणूस काय करतो?"

"आपलाच अंगठा लावून मोकळा हुतो," मामा म्हणाले.

"तेच झालं. पाच वाजत आले होते. परमेश्वरांनी मावशींच्या नावावर आपला डावा अंगठा दिला. उजवा स्वतःच्या नावावर होता, तो मशीननं नाकारला असता. तेव्हा मनात पाप नव्हतं. रोज सकाळी मावशींसाठी दार उघडायचं, तेही त्याच अंगठ्यानं. म्हणून नोंद सारजाबाईंची आणि दार उघडणारे परमेश्वरदादा. मावशींनी ते सहज सांगितलं. ह्यांनी लपवलं, आणि बाजाराच्या दिवशी वही न्यायलाही तोच अंगठा लावला."

"पण वही तर ह्यालाच पाहिजे होती!" सत्यम म्हणाला. "खोटे अंगठे दाखवायला."

"अंगठे खरे आहेत. सभा दसऱ्याआधी झाली, माणसं गावातच होती. वही समोर आली असती तर अर्ज फुकट गेला असता. वही गेली तर संशय अर्जुनरावांवर. ह्यांना बँक परत नको होती. ह्यांना अर्जुनराव बुडालेले बघायचे होते."

"बुडायलाच पाहिजेत!" परमेश्वर ओरडला. "वही घरी हाय. जाळणार होतो. पहिल्या पानावर बापाची सही हाय, काडी लागंना." मग तो सारजाबाईंकडं वळला. "मावशी, मी वकील देणार होतो तुमाला. देवाशपथ."

अर्जुनरावांचा चेहरा खुलला होता. त्यांनी दार लोटून घेतलं.

"बास. वही आणा, अर्ज मागं घ्या, राजीनामा द्या. बाहेर बोलायचं न्हाई. चौथ्या बँकेची बोलणी चालू हाय, नाव खराब व्हायला नको. सारजाबाई, तुमची नोकरी पक्की. झालं गेलं इसरा."

सारजाबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला.

"तुमी मला बाजारात चोरटी म्हणलात, सायेब. आन सोडताय दार लावून?"

"बरं, मग काय पाहिजे?"

"फिर्याद लिवायची हाय मला. ह्यानं माझ्या नावानं चोरी केली. तुमी नाव घालवलं. दोघांवर."

"मावशी, माझी लेकरं…" परमेश्वर म्हणाला.

"माझी नात शाळेतनं रडत आलती. चोरटीची नात म्हणत हुती पोरं. तवा तू खिडकीतच बसलता ना, दादा? पैशे मोजत?"



"मंजुषाबाई," अर्जुनराव दरडावून म्हणाले, "तुमी माझ्या कामावर हाय."

"तुमची वही सापडली. काम संपलं." मंजुषानं दार उघडलं. "मामा, गाडी काढा. पोलीस ठाण्यावर."

"मी पुढं बसते," सारजाबाई म्हणाल्या. "आन बाजारातनं घ्या गाडी. हळू."

मामांनी बाजारातून गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगानं नेली. सारजाबाईंनी काच पूर्ण खाली केली होती. ज्यानं ज्यानं विचारलं, कुठं निघालात, त्याला त्यांनी दोघांची पूर्ण नावं घेऊन सांगितलं.