ओ देणारा

सासूबाईंनी जावयाला अळंब्यांची जागा दाखवायचं कबूल केलं, तेव्हा घरात कुणालाच ते खरं वाटलं नाही. ती जागा त्यांना त्यांच्या आईने दाखवली होती. त्यांनी ती मुलीला दाखवली, पण मुलीला जंगलात पाऊल टाकायचाच कंटाळा. सख्ख्या दिरालासुद्धा सासूबाईंनी कधी पत्ता लागू दिला नव्हता. अळंब्यांची जागा सांगायची ती घरच्या माणसाला, असा त्यांचा खाक्या. आणि जावई म्हणजे काही झालं तरी पाहुणा.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न करून तो याच घरात राहायला आला, त्याला बरीच वर्षं झाली होती. घरातला एकेक नळ, एकेक बिजागरी त्याच्या हाताखालून गेली होती. तरी सासूबाईंचं 'अहो जावईबापू' काही सुटत नव्हतं. जेवताना पहिलं ताट त्याचं. आलेल्या-गेलेल्याला देतात तसं. त्याला ते नको असायचं. म्हणून तो गेले काही आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्या हाताखाली अळंब्या ओळखायला शिकत होता.

"वरून काय बघताय?" त्या म्हणायच्या. "वरून सगळ्या देखण्याच. फोटो बघून लग्न ठरवताय का? उलटी करा."

तो उलटी करायचा. टोपीखालच्या पाती गुलाबी की पांढऱ्या, देठावर कडं आहे का, वास कसला येतो आणि सगळ्यात शेवटी बुडाशी पांढरी पिशवी आहे का. पिशवी असली की खेळ खलास. म्हणून अळंबी वरून तोडायची नाही, बोटं मातीत घालून बुडासकट काढायची.

"पण गोगलगाईने खाल्लेली असली तर आपल्याला चालते म्हणतात ना?" त्याने एकदा विचारलं.

"असं म्हणणारे माझ्या ओळखीत होते," सासूबाई म्हणाल्या. "होते."

त्या दिवशी दुपारी जेवण उरकून दोघं निघाले. बायको फाटकापर्यंत आली.

"अरे, आईचा गुडघा धड नाहीये. तिला एकटीला सोडू नकोस. आणि विषारी काही आणलंस तर तूच खा."

"तुझ्या हातचं खातोय की इतकी वर्षं," तो म्हणाला. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

जंगलाच्या तोंडाशी सासूबाई थांबल्या. "हे बघा, अळंब्या शोधणारा माणूस मान वर करत नाही. थोड्या वेळाने आपण कुठे आणि सोबतचा कुठे, कळत नाही. म्हणून मी हाक मारली की ओ द्यायची. समोर कितीही मोठी अळंबी दिसू दे. आधी ओ, मग अळंबी."

त्याला यात नवं काही नव्हतं. लिफ्टच्या कामात एक जण वर मोटरपाशी असतो, दुसरा खाली खड्ड्यात. खालून ओ आल्याशिवाय वरच्याने बटणाला हात लावायचा नाही. आवाजावर जीव टाकायची त्याला सवय होती.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. त्या हाक मारत होत्या, तो ओ देत होता. मग झाडांच्या खोडांमधून धुकं उतरलं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागला. पायाखालच्या पानांचा आवाजही मऊ झाला.

आणि त्याला अळंबी दिसली. एकटीच, एका मुळाच्या कुशीत. तो गुडघ्यांवर बसला. पाती गुलाबी. कडं आहे. त्याने बोटं मातीत घातली आणि बूड चाचपून पाहिलं. पिशवी नव्हती. स्वतः शोधलेली, स्वतः ओळखलेली पहिली अळंबी! सासूबाईंच्या हातावर ठेवली म्हणजे त्या काय म्हणतील, या विचारानेच त्याला हसू फुटलं.

"अहो जावईबापू...!" लांबून हाक आली.

त्याने तोंड उघडलं. आवाज निघायच्या आतच ओ गेली.

"ओ, आईऽ..."

डावीकडच्या झाडांतून. आवाज त्याचा होता. 'आई' म्हणताना शेवट लांबवायची त्याची लकब होती, बायको त्यावरून त्याला नेहमी चिडवायची. तीसुद्धा तशीच.

प्रतिध्वनी असेल, असं त्याला आधी वाटलं. पण प्रतिध्वनी माणूस बोलल्यावर येतो. तो तर बोललाच नव्हता.

"सापडली का काही?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडली," तो आवाज म्हणाला. "आणू दाखवायला?"

"या की. मी पडलेल्या खोडापाशी आहे."

त्याने तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण ओरडलो तर त्यांना दोन बाजूंनी एकच आवाज ऐकू येईल... त्या गोंधळतील, तो गुडघा घेऊन भलतीकडेच जातील... असं त्याच्या मनात आलं. की आपल्या घशातून आता कोणता आवाज निघेल, याची त्याला भीती वाटली? तो उठला आणि धावत सुटला. मनात एकच होतं. त्याच्या आधी पोचायचं.

डावीकडून काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. पलीकडचा धावत नव्हता. चालत होता. सावकाश, एकेक पाऊल पारखून टाकत.

पडलेलं खोड दिसलं. त्याच्याभोवती ओल्या मातीत पांढऱ्या टोप्याच टोप्या. हीच ती जागा. सासूबाई मधोमध वाकून उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"चला आई," तो धापा टाकत म्हणाला. "धुकं वाढतंय."

"अळंबी कुठंय?"

"ती... तिथेच राहिली."

त्यांनी त्याच्या मातीने भरलेल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. त्याने त्यांचा दंड धरला आणि वाट धरली. एवढ्यात मागून हाक आली.

"आईऽ... कुठे आहात?"

हातातला दंड ताठ झाल्याचं त्याला कळलं.

"ऐकलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?" तो म्हणाला. म्हाताऱ्या बाईला आणखी घाबरवायचं कशाला, म्हणून.

"काही नाही."

मागचा आवाज हाका मारत राहिला. कधी उजवीकडून, कधी डावीकडून. आधी नुसता काळजीचा वाटला, पुढे पुढे रडवेला झाला. झाडं संपली, रस्त्याचे दिवे दिसले, तेव्हा कुठे तो थांबला.

घरी पोचल्यावर तो दाराच्या आतल्या बोळातच बूट काढायला बसला. सासूबाई आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आत नळ चालू होता.

"आई, अळंब्या कुठायत?"

"नाही आणल्या."

"आणि चेहरा असा काय झालाय तुझा?"

"मी हाक मारत होते, तो ओ देत होता. नीट, शिकवल्यासारखी. अळंबी सापडली म्हणाला, दाखवायला आणतो म्हणाला. इतका खूश होता गं... आणि मग भलत्याच बाजूने हा आला. ओ न देता. धावत. आपला कधी धावलेला पाहिलायस तू?"

आत भांडं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

"मागून तो हाका मारतोय. मी याला विचारलं, ऐकलंत का. तर हा म्हणतो, काय?"

नळ बंद झाला.

"मग घरी कशाला आणलंस?"

"दंड धरला होता त्याने. काय करणार होते मी?" सासूबाई म्हणाल्या. "माझं पोर तिथे राहिलं गं. माझं पोर हाका मारतंय तिथे."

'माझं पोर.' इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्याने हे कधी ऐकलं नव्हतं.

आता उठायचं, आत जायचं आणि हसून सगळं सांगून टाकायचं. "अगं, मीच आहे." शब्द अगदी ओठांवर आले होते. पण पुढे काय सांगायचं? लग्नाचा दिवस, तिच्या खांद्यावरचा तीळ, मोटरखोलीच्या किल्लीची जागा... हे सगळं त्याला ठाऊक होतं. आणि तो जो ओ देत होता, त्याला ठाऊक नसेल कशावरून? एका हातात बूट धरून तो तसाच बसून राहिला.

दार उघडलं. बायको बाहेर आली. तिने हात पुसले आणि त्याच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहिलं. मग बाहेरच्या खोलीतली खुर्ची पुढे ओढली. मीटर बघायला आलेल्या माणसाशी बोलावं, तशा आवाजात ती बोलली.

"तुम्ही बसा ना. तो येईलच इतक्यात."

तो बसला. आणि फाटकाकडे कान लावून तोही वाट पाहू लागला.