पुढे गेलेली

मोंटानातल्या त्या वस्तीला धड गावही म्हणता आलं नसतं. एक गॅस स्टेशन, धान्याचं उंच कोठार, पोस्ट ऑफिस आणि किराणा मालाचं एक दुकान, संपलं. शंतनू आरव्हीत, त्यांच्या त्या चाकांवरच्या घरात, पेट्रोल भरत उभा राहिला आणि हिमानी दूध आणायला दुकानात शिरली. बॉथेलच्या घरून निघाल्याचा तिसरा दिवस. भर दुपारचे बारा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाऱ्यानं एक सैल साखळी खांबावर आपटत होती, तेवढाच काय तो आवाज.

त्यांच्या लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. दोघांचंही दुसरं. हिमानीचा पहिला नवरा घटस्फोट घेऊन गेला तो कायमचा गेला. शंतनूची पहिली बायको सावनी मात्र वारली होती, आणि वारलेल्या बाईशी भांडता येत नाही हे हिमानीला हळूहळू उमगत होतं. घर, भांडी, मित्र, सगळं आधी सावनीचं. निदान ही दोन आठवड्यांची सफर तरी आपली, असं तिला वाटलं होतं. पण काल डॅशबोर्डच्या खणात चष्मा शोधताना घडी घातलेला एक कागद हाती लागला. गोल, टपोऱ्या अक्षरात ओळीनं गावांची नावं. अक्षर शंतनूचं नव्हतं.

"तिला जायचं होतं," तो म्हणाला होता. "आजारपणात राहून गेलं. मला वाटलं, रूट मस्त आहे, तुलाही आवडेल."

हिमानीनं कागद घडी घालून परत खणात ठेवला. पण तेव्हापासून प्रत्येक गाव तिला उष्टं वाटत होतं.

काउंटरवरच्या म्हातारीनं दुधाचा कॅन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तुमच्या पुढे ती उंच बाई होती ना, ती म्हणाली, दूध देऊ नका. त्याला पचत नाही."

"कोण उंच बाई?"

"तुमच्यासारखीच, इंडियन. आत्ताच तर बाहेर पडली..."

हिमानी दारात आली. दोन्ही बाजूंना रस्ता पार क्षितिजापर्यंत मोकळा पडला होता.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "शंतनू, तुला दूध पचत नाही?"

तो चपापला. "कोणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे."

"अगं, तू सकाळी इतक्या हौसेनं चहा करतेस... सांगायचं राहून गेलं."

सव्वा वर्ष तो तिचा चहा निमूटपणे पीत आला होता! भीती नंतर वाटली. आधी उठली ती जळजळ. सावनी उंच होती का, हे विचारायचीही गरज नव्हती. घरातल्या सगळ्या फोटोंत ती शंतनूच्या कानाला लागत होती.

संध्याकाळी मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात हिमानी एकटीच गेली. तिथला म्हातारा नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "तुमची जागा बदलली आहे. रुळांपासून लांब दिली. ट्रेनच्या आवाजानं त्यांना झोप येत नाही, असं बाई सांगून गेल्या. आणि उद्या पुढच्या गावात थांबा म्हणाल्या. तिथं दवाखाना आहे."

"त्या... कशातून आल्या होत्या?"

"चालत," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच काही जाणवलं असावं. तो खिडकीतून रस्त्याकडे बघू लागला. आधीचं गाव साठ मैलांवर होतं.

हिमानीनं तो निरोप गिळून टाकला.

सकाळी ती पुढच्या सीटवर बसायला गेली, तर सीट मागे सरकवलेली. लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी. कापडाला सॅनिटायझरचा वास येत होता, इस्पितळातल्यासारखा.

दुपारी फाटा आला.

"डावीकडे घे," हिमानी म्हणाली.

"अगं, पण लिस्टमध्ये..."

"एक तरी गाव माझं असू दे, शंतनू."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. हिमानीनं तो कागद फाडला आणि तुकडे खिडकीबाहेर सोडून दिले. तासभर ती मनापासून सुखी होती. कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. मग डांबरी रस्ता संपून खडी लागली, फोनची रेंज गेली, आणि शंतनूनं गाडी कडेला घेतली. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

"छातीत... कालपासून थोडं दुखतंय."

"कालपासून? आणि बोलला नाहीस?"

तो कसनुसं हसला. बोलायला दम उरला नव्हता.

ते धूड हिमानीनं कधी चालवलं नव्हतं. तिनं त्याला कसंबसं मागच्या सोफ्यावर आडवं केलं, पट्टा बांधला आणि गाडी उलटी फिरवली, त्या दवाखान्याच्या गावाकडे. कपाटातली भांडी खडखडत होती. मागून त्याचं कण्हणं येत होतं. मग ते थांबलं, आणि तो हळू आवाजात बोलू लागला. थांबून थांबून, कुणाला उत्तरं द्यावीत तसा.

"हो... हो गं... येतो ना..."

"शंतनू! कोणाशी बोलतोयस?"

"येतो..."

"तो येणार नाही!" हिमानी जिवाच्या आकांतानं ओरडली. "ऐकतेस ना? माझा आहे तो! मी नेतेय त्याला!"

मागे एकदम शांत झालं. दवाखाना येईपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही.

दवाखान्याच्या दारात दोन नर्स स्ट्रेचर घेऊन उभ्याच होत्या. एक उंच बाई मघाशीच सांगून गेली होती म्हणे. औषध वेळेत पडलं. अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

रात्रीचे साडेनऊ वाजले तरी खिडकीत उत्तरेकडच्या उन्हाळ्याचा उजेड होता. शंतनू गाढ झोपला होता. पलंगाच्या उजव्या बाजूला हिमानी बसली होती. सावनीचे आभार मानावेत, असं तिच्या मनात प्रथमच आलं. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. तो पलंगाच्या पलीकडे लोंबत होता. बोटं कशाभोवती तरी मिटलेली, आणि अंगठा सावकाश हलत होता, कुणाच्या हातावरून फिरवावा तसा.

पलीकडे कोणी नव्हतं. साधी खुर्चीही नव्हती.

हिमानीनं वाकून ते मनगट धरलं आणि आपल्याकडे ओढलं. हात थोडा आला. मग तितक्याच हळुवारपणे परत ओढला गेला. शंतनूचा खांदा झोपेत सैल पडला होता.

तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सोडलं नाही.

पलीकडूनही कोणी सोडलं नाही.